बॉब मार्ली आणि अंगठ्याचे काळे नख

बेलापूर (ता. श्रीरामपूर) : प्रवरेच्या काठी वसलेल्या बेलापूर परिसरात ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की पायाच्या अंगठ्याचे नख काळेनिळे झालेली माणसे पावलोपावली भेटतात. ढेकळाची ठेच, निसटलेला कोयता, बैलाचा पायावर पडलेला खूर, ट्रॉलीवरून घसरलेली मोळी. कारण विचारले तर यांपैकी एखादे तयारच असते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. नखाखाली साकळलेले रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते, टोकाशी येते आणि एके दिवशी नखाबरोबर कापले जाते. त्यासाठी कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही.

उसाच्याच मुलखात, पण येथून हजारो मैल दूर, वेस्ट इंडिजमधील जमैका बेटावर जन्मलेल्या एका गायकाच्या अंगठ्याचीही अशीच गोष्ट सांगितली जाते. फुटबॉल खेळताना त्याचा पाय दुखावला, नख निघाले आणि जखम भरेना. ही जखम खेळातली नसून नखाखाली वाढणाऱ्या कर्करोगाची आहे, हे निदान १९७७ मध्ये झाले. डॉक्टरांनी अंगठा काढण्याचा सल्ला दिला. त्याने तो मानला नाही. चार वर्षांनी, ११ मे १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्याचे निधन झाले. तोवर रेगे संगीताचा हा बादशहा आफ्रिकेपासून युरोपपर्यंत घराघरांत पोहोचला होता. त्याचे नाव रॉबर्ट नेस्टा मार्ली, अर्थात बॉब मार्ली.

जमैकाचे आणि आपले नाते वरवर वाटते तितके दूरचे नाही. गुलामगिरी संपल्यावर तेथील उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात, तेव्हा ब्रिटिशांनी करारबद्ध मजूर म्हणून भारतीयांना बोटींत भरून नेले. त्यांची पहिली बोट १० मे १८४५ रोजी जमैकाच्या किनाऱ्याला लागली आणि पुढे सुमारे सात दशकांत छत्तीस हजारांहून अधिक भारतीय तेथे गेले. बहुसंख्य उत्तर भारतातले होते. त्यांच्यापाठोपाठ तेथे गेलेला एक शब्द मात्र आपल्याही ओळखीचा आहे : गांजा. मार्लीच्या रास्ताफारी पंथात ज्याला पवित्र मानतात, त्या वनस्पतीचे जमैकातील नाव आजही गांजा हेच आहे. हरेगावच्या बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना आणि १९५० मध्ये प्रवरानगरला उभा राहिलेला सहकारी कारखाना ज्याने पाहिला आहे, त्याला उसाभोवती फिरणारे गाव म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

मार्लीचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ रोजी सेंट ॲन परगण्यातील नाइन माइल या डोंगराळ खेड्यात झाला. आई सेडेला गावातल्याच शेतकरी कुटुंबातली, अठरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी; वडील नॉर्व्हल मार्ली हे वयाने तिच्याहून कितीतरी मोठे, गोऱ्या वंशाचे. वडील संसारात राहिलेच नाहीत. आजोबा ओमेराया माल्कम गावात मान असलेले, झाडपाल्याची औषधे देणारे गृहस्थ होते. मिश्र वंशामुळे मुलाला गोऱ्यांनी आपले म्हटले नाही आणि काळ्यांनीही सहजासहजी म्हटले नाही. बारा वर्षांच्या सुमारास आई त्याला घेऊन राजधानी किंग्स्टनमध्ये आली. ट्रेंचटाऊन नावाची ती वस्ती म्हणजे पत्रे, सरकारी चाळी आणि उघडी गटारे. आपल्याकडे दुष्काळात गाव सोडून मुंबई-पुण्याच्या झोपडपट्टीत उतरलेल्या कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणले, तर त्यात फारसा फरक पडणार नाही.

शाळा लवकर सुटली. वेल्डिंगचे काम शिकायला तो लागला. पण तेथे डोळ्यात धातूची कपची गेली आणि ते काम सुटले. ट्रेंचटाऊनमध्ये जो हिग्ज नावाचे गायक पोरांना आवाज कसा लावावा ते शिकवत. त्यांच्याकडे मार्ली, त्याचा बालमित्र बनी लिव्हिंग्स्टन आणि पीटर टॉश या तिघांनी धडे घेतले. मार्लीची पहिली ध्वनिमुद्रिका १९६२ ची. तिघांच्या ‘वेलर्स’ गटाला पहिले मोठे यश मिळाले ते १९६४ मध्ये. यश मिळाले, पैसा मात्र ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्याच खिशात राहिला. फेब्रुवारी १९६६ मध्ये रिटा अँडरसनशी विवाह झाला आणि लगोलग तो आईकडे अमेरिकेतील डेलावेअर राज्यात मोटारीच्या कारखान्यात मजुरी करायला गेला.

तो तेथे असतानाच, २१ एप्रिल १९६६ रोजी, इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी जमैकात आले. रास्ताफारी मंडळी सेलासींना ईश्वराचा अवतार मानत. त्यांना पाहायला उसळलेल्या गर्दीत रिटा होती. मार्ली परतला तेव्हा ती त्या पंथाकडे वळलेली होती आणि काही काळाने तोही वळला. बायबलच्या जुन्या करारातील व्रतस्थांप्रमाणे केसांना कात्री लावायची नाही, शरीर अखंड ठेवायचे, निसर्गाने दिलेले खायचे, मरणाची भाषा करायची नाही, असा त्या पंथाचा आचार आहे. पुढे जे घडले त्याच्या संदर्भात हा आचार ध्यानात ठेवावा लागतो.

लंडनच्या आयलंड कंपनीचे ख्रिस ब्लॅकवेल यांनी १९७२ मध्ये वेलर्सना आगाऊ रक्कम दिली आणि १९७३ मध्ये ‘कॅच अ फायर’ हा संग्रह बाजारात आला. पुढच्याच वर्षी एरिक क्लॅप्टनने गायिलेले मार्लीचे एक गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. बनी आणि टॉश बाहेर पडले. मार्लीच्या नावाने नवा वेलर्स गट उभा राहिला. जमैकातले राजकारण तेव्हा बंदुकीने चालत होते. डिसेंबर १९७६ मध्ये शांततेसाठीच्या एका जाहीर मैफलीच्या दोन दिवस आधी बंदूकधारी त्याच्या होप रोडवरील घरात घुसले. मार्लीच्या छातीला आणि हाताला गोळी चाटून गेली, रिटाच्या डोक्याला लागली. तरीही ५ डिसेंबरला तो मंचावर उभा राहिला आणि मग देश सोडून लंडनला गेला. येथवरचा मार्ली जगाला ठाऊक आहे. टी-शर्टवर छापला जातो तोही हाच.

लंडनमध्ये ‘एक्झोडस’ हा संग्रह तयार झाला. १९९९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला शतकातला सर्वोत्तम संग्रह ठरवले. जून १९७७ मध्ये तो प्रसिद्ध होण्याच्या सुमारास मार्ली युरोपच्या दौऱ्यावर होता. गाण्याखालोखाल त्याचा जीव फुटबॉलमध्ये. दौऱ्यावर असतानाही जिथे मोकळी जागा दिसेल तिथे चेंडू पायाशी यायचा. मे महिन्यात पॅरिसमध्ये अशाच एका सामन्यात त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला मार बसला आणि नख उपटले गेले. त्याच अंगठ्याला दोनेक वर्षांपूर्वीही इजा झाली होती, असे त्याचे चरित्रकार लिहितात. पट्टी बांधून तो लंडनच्या मैफलींत नाचला. जखम मात्र बरी होईना. तपासणीत नखाखालच्या भागात मेलॅनोमा हा कर्करोग आढळला.

येथे गाण्याची गोष्ट जरा बाजूला ठेवून नखाकडे वळावे लागेल, कारण नेमका येथेच गोंधळ होतो.

नख तयार होते ते त्याच्या मुळाशी, कातडीखाली दडलेल्या नखमुळात. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, पायाचे एक मिलिमीटर. म्हणूनच पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते. नखमुळात त्वचेसारख्याच रंगपेशी असतात. एरवी त्या निद्रिस्त असतात. काही कारणाने त्यातल्या थोड्या जाग्या झाल्या की त्या वाढत्या नखात रंग ओतू लागतात आणि मुळापासून टोकापर्यंत तपकिरी किंवा काळी उभी रेघ उमटते. शाईच्या बाटलीत बोरू बुडवून कागदावर ओढत न्यावा तसे हे काम चालते. रेघ उभीच असते, कारण नख त्या दिशेने सरकत असते.

या रेघेची बहुतेक कारणे निरुपद्रवी आहेत. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या माणसांत ती अतिशय सामान्य आहे. कृष्णवर्णीयांत तर पन्नाशीनंतर जवळपास प्रत्येकाच्या एखाद्या तरी नखावर ती दिसते, आणि अनेक नखांवर एकदम दिसणे हे उलट दिलासा देणारे लक्षण मानले जाते. घट्ट पादत्राणांचा सततचा दाब, नखे कुरतडण्याची सवय, गरोदरपण, नखमुळातला साधा तीळ, बुरशी, एड्सवरील झिडोव्हुडीन किंवा रक्ताच्या काही विकारांत दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया यांसारखी औषधे, कर्करोगावरील केमोथेरपी, ॲडिसनचा ग्रंथिविकार अशी ही यादी लांबते. आपल्याकडे शाकाहारी घरांत आढळणारी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हेही एक कारण आहे. त्यात नखांबरोबर बोटांच्या पेरांवरही काळपटपणा येतो आणि इंजेक्शने घेतल्यावर काही महिन्यांत तो निवळतो. मेंदीचा रंग वरवरचा असतो, खरवडला की निघतो. ठेच लागून साकळलेले रक्त सहसा रेघेसारखे नसून डागासारखे असते आणि नखाबरोबर पुढे सरकते. त्याच्यामागे मुळाशी स्वच्छ नख दिसू लागते. काळेपणा मुळाशी तसाच राहिला, तर ठेचेचे कारण तपासून पाहायला हवे.

उरतो तो मेलॅनोमा. रंगपेशीच अनिर्बंध वाढू लागतात, तो हा रोग. गोऱ्या लोकांत उन्हाने भाजलेल्या कातडीवर होणारा मेलॅनोमा अधिक. सावळ्या आणि काळ्या लोकांत मुळात हा रोग दुर्मीळ, पण झालाच तर तळपाय, तळहात आणि नखांखाली होण्याचे प्रमाण मोठे. तेथे ऊन पोहोचत नाही, त्यामुळे उन्हाला दोष देता येत नाही. लंडनचे शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्येच या विकाराचे वर्णन काळे नखुरडे म्हणून केले होते. नखाचा काळेपणा नखाची हद्द ओलांडून भोवतीच्या कातडीवर उतरला की धोका ओळखावा, ही त्यांची खूण आजही त्यांच्याच नावाने शिकवली जाते. (हेच हचिन्सन कुष्ठरोग खराब झालेल्या मासळीने होतो असे आयुष्यभर मानत राहिले आणि त्यासाठी म्हातारपणी भारताचा दौराही करून गेले. नखाच्या बाबतीत मात्र त्यांची नजर चुकली नाही.) तळपाय-नखांच्या मेलॅनोमाला स्वतंत्र प्रकार म्हणून आजचे नाव मिळाले ते १९७६ मध्ये, म्हणजे मार्लीच्या निदानाच्या आदल्याच वर्षी.

एकाच बोटाला, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याला प्रौढ वयात नव्याने आलेली रेघ, तीन मिलिमीटरहून रुंद, कडा धूसर, काही महिन्यांत पसरणारी, मुळाशी रुंद आणि टोकाशी निमुळती, नख फाटणे, रक्त येणे, भोवतीची कातडी काळवंडणे, घरात कुणाला मेलॅनोमा झालेला असणे. यांपैकी काही दिसले तर त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप या भिंगाने नख पाहतात आणि गरज भासल्यास नखमुळाचा तुकडा तपासणीला पाठवतात. नखाचे टोक कापून दिल्याने काम भागत नाही, कारण रोग मुळाशी असतो. लहान मुलांच्या नखावरील रेघा बहुधा तिळामुळे असतात. तेथे घाई करण्याऐवजी लक्ष ठेवण्यावर भर दिला जातो.

मार्लीच्या बाबतीत फुटबॉलला दोष देणाऱ्या कहाण्या अजूनही फिरतात. भेट मिळालेल्या बुटात विषारी तार होती इथपर्यंत त्यांची मजल गेली आहे. मार लागल्याने मेलॅनोमा होतो याला ठोस पुरावा नाही. बुटातल्या तारेलाही नाही. अधिक संभवते ते एवढेच की रोग आधीच तेथे होता आणि मारामुळे तो उघडकीस आला. उलट, मार लागल्याचे आठवत असल्यामुळेच असे रुग्ण उशिरा डॉक्टरांकडे जातात, हा जगभरचा अनुभव आहे. ठेच सर्वांच्याच लक्षात राहते. नखावरची रेघ कधी उमटली ते कुणाला सांगता येत नाही.

डॉक्टरांनी अंगठा काढायला सांगितला, तेव्हा मार्लीपुढे अनेक गोष्टी उभ्या राहिल्या. शरीराला शस्त्र लावू नये हा पंथाचा आचार तर होताच. शिवाय मंचावर उड्या मारत गाणाऱ्या आणि रोज चेंडूमागे धावणाऱ्या माणसाला तोल सांभाळता येणार नाही, ही भीतीही होती. नेमके कोणते कारण जड ठरले यावर त्याच्या निकटवर्तीयांतही एकमत नाही. श्रद्धेमुळे गेला असे एका वाक्यात सांगणे सोपे आहे. तेवढेच सांगणे मात्र त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल, असे वाटते. त्याने उपचार पूर्णपणे नाकारले नव्हते. अमेरिकेतील मायामीच्या रुग्णालयात नख आणि त्याखालचा भाग काढून तेथे मांडीची कातडी लावण्याची शस्त्रक्रिया त्याने करून घेतली. अमेरिकेचा दौरा रद्द झाला. जखम भरली, आणि धोका टळला असे सर्वांनी धरून चालले. पूर्ण अंगठा काढला असता तर तो वाचलाच असता, असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. निदानाच्या वेळी रोग किती खोल गेला होता यावर ते अवलंबून होते. संधी मात्र वाढली असती. आज अगदी प्रारंभिक अवस्थेतील रोगात बोट वाचवून केवळ नखाचा संपूर्ण भाग काढण्याची शस्त्रक्रियाही केली जाते. पसरलेल्या रोगावर २०११ नंतर प्रतिकारशक्ती जागवणारी नवी औषधे आली, पण नखाखालच्या मेलॅनोमावर ती इतर प्रकारांपेक्षा कमी चालतात. १९७७ मध्ये यातले काही नव्हते.

त्यानंतरची तीन वर्षे त्याने अशी काढली की मागे वळून पाहणाऱ्याला घाई जाणवावी. २२ एप्रिल १९७८ रोजी किंग्स्टनमधील मैफलीत त्याने पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सिआगा या हाडवैऱ्यांना मंचावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातांत दिले. त्याच वर्षी तो प्रथम आफ्रिकेत गेला. एप्रिल १९८० मध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात गाण्यासाठी स्वतःच्या खर्चाने सारी ध्वनियंत्रणा विमानातून नेली. मैदानाबाहेर राहिलेल्या लोकांनी आत घुसण्याचा प्रयत्न केला, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो मंचापर्यंत आला आणि कार्यक्रम काही वेळ थांबला. जूनमध्ये इटलीत मिलानच्या फुटबॉल मैदानावर सुमारे लाखभर लोक त्याला ऐकायला आले. ‘अपरायझिंग’ हा त्याच्या हयातीतला शेवटचा संग्रह याच वर्षीचा.

सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लागोपाठ दोन मैफली झाल्या. दुसऱ्या मैफलीच्या दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, मित्र आणि फुटबॉलपटू ॲलन कोल याच्यासोबत सेंट्रल पार्कमध्ये धावत असताना तो कोसळला. तपासणीत रोग मेंदू, फुफ्फुसे आणि यकृतापर्यंत पसरल्याचे दिसले. हे कळल्यानंतरही २३ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये तो गायला. ती त्याची शेवटची मैफल.

न्यूयॉर्कमध्ये किरणोपचार झाले. ज्या केसांना कधी कात्री लावायची नव्हती, ते गेले. नोव्हेंबरमध्ये त्याने इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चची दीक्षा घेतली. मग जर्मनीतील बव्हेरियात योसेफ इसेल्स या वादग्रस्त डॉक्टरांच्या दवाखान्यात, रूढ वैद्यकाने न स्वीकारलेल्या आहार आणि औषधांच्या उपचारांवर काही महिने गेले. बर्फाच्या त्या गावात तो वाळत गेला. ६ फेब्रुवारीला छत्तिसावा वाढदिवस तेथेच झाला. मे महिन्यात आशा संपल्यावर घरी जाण्याची त्याची इच्छा होती. पण विमान मायामीला उतरले आणि तेथून पुढचा प्रवास त्याला झेपणारा नव्हता. मायामीच्याच रुग्णालयात त्याने शेवटचा श्वास घेतला.

२१ मे रोजी किंग्स्टनमध्ये शासकीय इतमामात अंत्यविधी झाला. मृत्यूच्या थोडे आधी जमैकाने त्याला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ दिला होता. निवडणूक जिंकून आता पंतप्रधान झालेले सिआगा अंत्यविधीला भाषण करायला उभे होते. शवपेटी मोटारींच्या लांबलचक रांगेतून पन्नासहून अधिक मैल दूर नाइन माइलला नेण्यात आली. तिच्यात बायबल आणि गिटार ठेवली होती.

मरणाची भाषा करायची नाही या आचारामुळे मार्लीने मृत्युपत्रही केलेले नव्हते. गाण्यांच्या हक्कांवरून आणि मिळकतीवरून जमैका व अमेरिकेच्या न्यायालयांत सुरू झालेले दावे पुढे सुमारे दहा वर्षे चालले.